आसनाची मुदत

२०२४ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या २२ तारखेस, सिंगापूर शहराच्या रस्त्यांवर विजेच्या दिव्यांच्या झगझगाटात जी फॉर्म्युला वनची शर्यत झाली, तिच्यात डॅनियल रिकार्डो हा ऑस्ट्रेलियन शर्यतपटू अठरावा आला. ज्याच्या नावावर आठ ग्रां प्री विजय जमा आहेत, त्याच्या दृष्टीने हा क्रमांक शोचनीयच म्हटला पाहिजे. परंतु शर्यत संपण्यास थोड्याच फेऱ्या उरल्या असताना त्याच्या संघाने, म्हणजे रेड बुलच्या दुय्यम संघाने, त्याला पिटमध्ये बोलावून गाडीला मऊ रबराचे ताजे टायर चढवले, आणि त्या टायरांवर त्याने १ मिनिट ३४.४८६ सेकंदांची जी फेरी मारली, ती त्या रात्रीची सर्वांत वेगवान फेरी ठरली. शर्यत संपली, गाडी जागेवर येऊन उभी राहिली, तरीही रिकार्डो चटकन बाहेर पडला नाही. तो त्या अरुंद जागेत बराच वेळ तसाच बसून राहिला. चारच दिवसांनी संघाने जाहीर केले की, हंगामाच्या उरलेल्या सहा शर्यतींसाठी रिकार्डोच्या जागी लियाम लॉसन या न्यूझीलंडच्या तरुणाची नेमणूक झाली आहे. शर्यतींच्या चाहत्यांच्या भाषेत सांगायचे तर रिकार्डोची ‘सीट गेली’.

‘सीट’ हा शब्द या क्रीडेत पदाच्या अर्थाने रूढ झाला असला, तरी त्याच्या मुळाशी एक खरीखुरी वस्तू आहे, आणि ती कशी घडते हे पाहिल्यावाचून तिच्या जाण्यातले दुःख नीट उमगत नाही. चालकाला गाडीच्या सांगाड्यात बसवून त्याच्या पाठीमागे व कुशीखाली एक पिशवी ठेवतात, तीत फुगून घट्ट होणारे द्रव्य सोडतात, आणि ते घट्ट होईपर्यंत चालकाने शर्यतीत बसावयाचे तसेच निश्चल बसून राहावयाचे असते. त्या ठशावरून कार्बनच्या तंतूंचे पातळ पण कमालीचे बळकट कवच तयार होते. कण्याचा बाक, खांद्यांची रुंदी, कमरेचा घेर हे सारे त्यात उतरलेले असते. कारण वळणावर शरीरावर जो प्रचंड भार पडतो, त्यात अर्ध्या बोटाची फट राहिली तरी तासाभरात पाठ सोलून निघते. एकाचे कवच दुसऱ्याला चालत नाही. चालक बदलला की कवच काढून ठेवावे लागते, आणि गाडी मात्र तीच राहते.

अशी आसने जगात किती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांच्यासाठी चालणाऱ्या झुंजीची तीव्रता कळते. २०२५ पर्यंत दहा संघ आणि प्रत्येक संघाच्या दोन गाड्या, म्हणजे एकंदर २० आसने होती. २०२६ पासून कॅडिलॅक हा अकरावा संघ दाखल झाल्यामुळे ती २२ झाली. तिथवर पोहोचण्यासाठी सातव्या-आठव्या वर्षी गो-कार्टच्या छोट्या गाड्यांपासून प्रारंभ करून, फॉर्म्युला फोर, थ्री आणि टू अशा पायऱ्या चढत, ‘सुपर लायसन्स’ नावाचा परवाना मिळवावा लागतो. मॅक्स व्हर्स्टापेन २०१५ साली अवघ्या सतराव्या वर्षी मैदानात उतरला, तेव्हा आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने नियम कडक केले, आणि किमान वय १८ वर्षे व कनिष्ठ स्पर्धांतून तीन वर्षांत मिळवलेले ४० गुण अशी अट घातली. शेकडो मुलांनी ज्या शिडीवर पाय ठेवला, तिच्या माथ्यावर वर्षाकाठी दोन-चार जागाच रिकाम्या होतात; आणि त्या बहुधा आपोआप रिकाम्या होत नाहीत, त्या कोणाकडून तरी काढून घेतल्या जातात. म्हणून पुढच्या हंगामात कोण येणार, या प्रश्नाच्या पोटात कोण जाणार, हा प्रश्न दडलेलाच असतो.

कोण जाणार हे ठरवणारा पहिला आणि सर्वांत निष्ठुर मापदंड म्हणजे संघातला जोडीदार. निरनिराळ्या संघांच्या गाड्यांत इतका फरक असतो की, पहिल्या आलेल्या चालकाची पंधराव्या आलेल्याशी तुलना करून कोण अधिक कुशल हे सांगणे दुरापास्त असते. परंतु एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्या एकाच मैदानावर, एकाच दुपारी धावतात, तेव्हा सबबींना फारसा वाव उरत नाही. त्यातही शर्यतीच्या आरंभीची जागा ठरवणारी शनिवारची क्वालिफाइंग फेरी ही खरी कसोटी. कारण रविवारच्या शर्यतीत डावपेच, अपघात, पाऊस आणि नशीब यांचा हात असतो, तर शनिवारी कोऱ्या टायरांवर मोकळ्या रस्त्याने एकट्याने धावायचे असते. फेरी संपताच अभियंत्यांच्या पडद्यावर दोघा जोडीदारांच्या आलेखरेषा एकमेकींवर चढवल्या जातात. कोणत्या वळणावर कोणी ब्रेक केव्हा दाबला, प्रवेगक किती मीटर आधी सोडला, सुकाणू किती अंश वळवले, हे सर्व त्या रेषा बोलून दाखवतात. प्रत्येक वळणावर सेकंदाचा विसावा भाग गमावला, तर अठरा वळणांच्या फेरीत जवळजवळ एक सेकंदाचे अंतर पडते, आणि या क्रीडेत एक सेकंद म्हणजे पुढची रांग आणि मागची रांग यांमधले अंतर होय.

या मापदंडाने किती झपाट्याने निकाल लागू शकतो, याचे उदाहरण रिकार्डोची जागा घेणाऱ्या लॉसननेच पुढे अनुभवले. २०२५ च्या प्रारंभी त्याला रेड बुलच्या मुख्य संघात व्हर्स्टापेनशेजारचे आसन मिळाले. मेलबर्नच्या क्वालिफाइंगमध्ये तो अठरावा आला आणि पावसातल्या शर्यतीत गाडी आदळून बाद झाला. पुढच्याच आठवड्यात शांघायला छोट्या शर्यतीच्या आणि मुख्य शर्यतीच्या अशा दोन्ही क्वालिफाइंगमध्ये तो विसावा, म्हणजे अगदी शेवटचा, ठरला. दोन शर्यती संपल्या आणि मार्चच्या २७ तारखेला त्याला पुन्हा इटलीतल्या फाएन्झा गावच्या दुय्यम संघात पाठवून त्याच्या जागी जपानचा युकी त्सुनोदा याला बसवण्यात आले. सरकारी नोकरीतल्या उमेदवारीची मुदतही इतकी आखूड नसते.

परंतु येथेच चिकित्सक वाचकाने थांबून विचार केला पाहिजे. लॉसन दोन शर्यतींत पडला, त्सुनोदा उरलेल्या २२ शर्यतींत मिळून ३० गुणांवर थांबला, आणि त्याच वर्षी त्याच संघात व्हर्स्टापेनने ४२१ गुण मिळवले. त्यापूर्वी सर्जिओ पेरेझ, त्याच्याही पूर्वी अलेक्झांडर आल्बन, आणि त्याच्याही पूर्वी पिएर गास्ली हे सारे याच आसनावरून उठवले गेले. एकामागून एक पाच चालक एकाच ठिकाणी निस्तेज ठरतात, तेव्हा पाचही जण अकुशल होते असे मानण्यापेक्षा त्या ठिकाणाचीच परीक्षा घेणे अधिक न्याय्य ठरेल. ही गाडी वर्षानुवर्षे व्हर्स्टापेनच्या हाताला मानवेल अशा रीतीने विकसित होत गेली: पुढची चाके सुकाणूच्या अल्प स्पर्शानेही झटकन वळतात, आणि त्या मोबदल्यात मागची बाजू चंचल, निसटू पाहणारी राहते. व्हर्स्टापेनला ती चंचलता आपल्या हुकमतीत ठेवता येते. इतरांना ती प्रत्येक वळणाच्या तोंडाशी धाक घालते. आल्बनने या गाडीची तुलना पुढे अशा संगणकाशी केली की, ज्याच्या माउसची संवेदनशीलता कमाल मर्यादेवर नेऊन ठेवली आहे आणि हात किंचित हलला तरी बाण पडद्याच्या पार दुसऱ्या टोकाला जातो. शाळेत सर्वांना एकच अंगरखा द्यावा, तो एकाच मुलाच्या मापाने शिवावा, आणि मग इतरांच्या अंगावर तो का शोभत नाही असे विचारावे, तसा काहीसा हा प्रकार आहे. जोडीदार हा मापदंड खरा आहे, पण तो पूर्ण नाही, हे ज्याला कळले त्याला या शर्यतींतले बडतर्फीचे हुकूम वाचण्याची निराळी दृष्टी येते.

दुसरा निर्णायक घटक म्हणजे जमाखर्च. चालकांचे अजिंक्यपद लोकांच्या डोळ्यांत भरते खरे, परंतु संघांना बक्षिसाचा पैसा वाटला जातो तो संघांच्या क्रमवारीवरून, आणि त्या क्रमवारीत दोन्ही गाड्यांचे गुण मिळवावे लागतात. २०२३ साली व्हर्स्टापेनने २२ पैकी १९ शर्यती जिंकल्या, पेरेझने दोन जिंकल्या, आणि दोघांची बेरीज ८६० झाली. त्या वर्षी कोणी तक्रार केली नाही. २०२४ साली व्हर्स्टापेन ४३७ गुणांनी पुन्हा विजेता झाला, पण पेरेझच्या खात्यात १५२ च गुण पडले. बेरीज ५८९, आणि मॅक्लारेन ६६६ व फेरारी ६५२ अशी पुढे निघून गेल्याने, विजेता चालक पदरी असूनही संघ तिसऱ्या स्थानी घसरला. प्रत्येक स्थानामागे कोट्यवधींचा फरक असल्यामुळे या घसरणीचा अर्थ हिशेबनिसांना लगेच कळला. जून महिन्यात ज्या पेरेझशी दोन वर्षांचा नवा करार मोठ्या थाटाने करण्यात आला होता, त्यालाच डिसेंबरात फारकत देण्यात आली.

खर्चाच्या बाजूसही असेच एक कलम आहे. २०२१ पासून संघांच्या वार्षिक खर्चावर मर्यादा घालण्यात आली. प्रथम ती १४.५ कोटी डॉलर होती, पुढे ती उतरत गेली. चालकांचे वेतन या मर्यादेबाहेर असते, पण त्यांनी मोडलेली गाडी मर्यादेच्या आतच दुरुस्त करावी लागते. याचा परिणाम असा झाला की, पूर्वी अपघात म्हणजे केवळ एका दिवसाचे दुर्दैव होते, ते आता पुढच्या सुधारणांच्या तरतुदीला पडलेले भगदाड झाले. विल्यम्स संघाचा अमेरिकन चालक लोगन सार्जंट याने २०२४ च्या ऑगस्टमध्ये हॉलंडच्या झांडव्होर्ट येथे सरावाच्या वेळी गाडी कठड्यावर आपटली. गाडीला आग लागली, आणि त्या गाडीवर नुकतेच बसवलेले नवे भाग नष्ट झाले. पुढच्याच शर्यतीत त्याच्या जागी अर्जेंटिनाचा फ्रँको कोलापिंतो बसलेला दिसला. कारखान्यातले कारागीर अनेक रात्री खपून जो भाग घडवतात, तो क्षणार्धात चुरा झालेला पाहताना संघप्रमुखाच्या मनात सहानुभूती आणि हिशेब यांचे जे द्वंद्व चालते, त्यात अखेर हिशेबाची सरशी होते.

तिसरी गोष्ट कराराची. बाहेरून पाहणाऱ्यास वाटते की करार झाला म्हणजे आसन निश्चित झाले. वस्तुतः या व्यवसायातल्या करारात संघाला मुदत वाढवण्याचा किंवा न वाढवण्याचा हक्क, ठरावीक तारखेपर्यंत ठरावीक गुण न मिळाल्यास चालकास मोकळे करण्याची मुभा, आणि तडजोडीची रक्कम देऊन करार मुदतीआधी संपवण्याची वाट, अशी कलमे सर्रास असतात. या दस्तऐवजांची नोंद ठेवण्यासाठी आणि तंटा उद्भवल्यास निवाडा देण्यासाठी जिनिव्हा येथे कायदेपंडितांचे एक मंडळ आहे, आणि त्याच्या स्थापनेमागची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

१९९१ च्या ऑगस्टमध्ये जॉर्डन संघाचा चालक बेर्ट्रां गाशो याला लंडनमधल्या एका टॅक्सीचालकाशी झालेल्या भांडणात त्याच्या तोंडावर अश्रुधुराचा फवारा मारल्याबद्दल कारावासाची शिक्षा झाली. बेल्जियममधल्या स्पा येथील शर्यतीसाठी त्याचे आसन रिकामे पडले, आणि त्यावर मायकेल शुमाकर नावाचा एक अपरिचित जर्मन तरुण बसला. क्वालिफाइंगमध्ये त्याने सातवे स्थान पटकावले; शर्यतीत क्लच निकामी झाल्यामुळे तो पहिल्याच फेरीत थांबला, परंतु जाणत्यांना जे पाहावयाचे होते ते त्यांनी पाहिले होते. त्याच शर्यतीत बेनेटन संघाच्या रॉबेर्तो मोरेनो या ब्राझिलियन चालकाने चौथा क्रमांक मिळवला आणि सर्वांत वेगवान फेरीही त्याचीच होती. पंधरवडाही उलटला नाही तोच, मोंझा येथे बेनेटनने मोरेनोला उठवून शुमाकरला त्याच्या जागी बसवले. मोरेनो इटलीच्या न्यायालयात गेला, जॉर्डन संघाने इंग्लंडमध्ये दाद मागितली, वाटाघाटी झाल्या आणि पैसे देऊन प्रकरण मिटले. पुढच्या वर्षी ते करारमंडळ अस्तित्वात आले. सर्वांत वेगवान फेरी मारूनही आसन जाते, हे रिकार्डोच्या ३३ वर्षे आधी मोरेनोने अनुभवले होते.

त्या मंडळाचा अलीकडचा गाजलेला निवाडा २०२२ चा. अल्पिन संघाने ऑस्कर पिआस्त्री आपला पुढच्या वर्षीचा चालक असल्याचे २ ऑगस्टला जाहीर केले, आणि त्याच दिवशी पिआस्त्रीने ते नाकारले. कारण त्याने जुलैतच मॅक्लारेनशी करार केलेला होता. २ सप्टेंबर रोजी मंडळाने मॅक्लारेनच्या बाजूने कौल दिला. या कौलाने ज्याचे आसन पिआस्त्रीला मिळाले, तो चालक पुन्हा रिकार्डोच होता. आदल्याच वर्षी मोंझा येथे त्याने मॅक्लारेनला २०१२ नंतरचा पहिला विजय मिळवून दिला होता. तरीही एकंदर हंगामात तो जोडीदार लँडो नॉरिसच्या मागे राहिला, आणि करार एक वर्ष बाकी असताना संपुष्टात आला.

चौथा घटक आश्रयदात्याचा. या क्रीडेत पैसा घेऊन येणारा चालक ही काही नवी गोष्ट नव्हे, आणि ती केवळ निंदेची गोष्टही नव्हे. कारण लहान संघ कित्येकदा अशा पैशावरच जगले आहेत. कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन २००५ साली जॉर्डन संघातून उतरला, तेव्हा तो फॉर्म्युला वनमधला पहिला भारतीय ठरला, आणि त्याच्या पाठीशी टाटा उद्योगसमूह उभा होता. त्याच वर्षी इंडियानापोलिस येथे टायरांच्या वादामुळे सहाच गाड्या शर्यतीत उतरल्या, आणि कार्तिकेयनने चौथा क्रमांक मिळवून पाच गुण घेतले. २०११ साली तो एचआरटी नावाच्या दुर्बल संघात होता. हंगामाच्या मध्यावर, ब्रिटिश ग्रां प्रीपासून, त्याला बाजूस सारून रेड बुलच्या आश्रयाखालच्या एका होतकरू मुलाला ते आसन देण्यात आले. तो मुलगा म्हणजे डॅनियल रिकार्डो. ज्या हसतमुख तरुणाने सिल्व्हरस्टोनला फॉर्म्युला वनच्या शर्यतीत पहिल्यांदा भाग घेतला, त्याच्या आरंभाशीही एका भारतीयाचे सुटलेले आसन होते. पुढे कार्तिकेयन त्या वर्षीच्या भारतीय ग्रां प्रीसाठी परत आला आणि २०१२ चा हंगामही खेळला.

आश्रय जसा देतो तसा नेतोही. रशियन चालक निकिता माझेपिन याच्या पाठीशी त्याच्या पित्याशी संबंधित खतकंपनीचा पैसा होता. २०२२ च्या मार्चमध्ये युक्रेनवरील आक्रमणानंतर हास संघाने कंपनी आणि चालक या दोघांशीही संबंध तोडला. अधिक हृदयस्पर्शी आहे ती फोर्स इंडियाची कथा. विजय मल्ल्या यांचा हा संघ २०१८ च्या जुलैत कर्जात बुडाला, तेव्हा वेतन थकलेल्या पेरेझनेच न्यायालयात धाव घेऊन संघ प्रशासकाच्या ताब्यात जाईल अशी व्यवस्था केली, जेणेकरून संघाला टाळे लागण्याऐवजी तो विकला जाऊन शेकडो माणसांची भाकरी वाचावी. संघ वाचला, कॅनडाचे धनिक लॉरेन्स स्ट्रोल यांनी तो घेतला, त्यांचा मुलगा लान्स याच्यासाठी एस्तेबान ओकोनचे आसन गेले. आणि दोन वर्षांनी, २०२० च्या सप्टेंबरात, सेबास्टियन फेटेलला घेण्यासाठी त्याच संघाने पेरेझलाही निरोप दिला. माझ्या मते या क्रीडेतल्या कृतज्ञतेची मर्यादा यापेक्षा स्पष्ट करणारा दुसरा दाखला नाही.

मात्र या कथेचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. पुढच्या वर्षीचे आसन हाती नसलेला पेरेझ त्याच वर्षी डिसेंबरात बहरीनच्या साखीर येथे पहिल्याच फेरीत धडकेमुळे सर्वांच्या मागे फेकला गेला, आणि तेथून एकेक गाडी ओलांडत त्याने आपल्या आयुष्यातली पहिली ग्रां प्री जिंकली. त्या विजयाने रेड बुलचे दार उघडले. गास्लीला २०१९ च्या ऑगस्टमध्ये दुय्यम संघात उतरवले गेले. परतल्यावरच्या पहिल्याच आठवड्यात, स्पा येथे, त्याचा बालमित्र आंत्वान ह्युबेर फॉर्म्युला टूच्या शर्यतीत मरण पावला. आणि सुमारे वर्षभराने त्याच दुय्यम संघाच्या गाडीतून गास्लीने मोंझाची शर्यत जिंकली. कार्लोस साइन्झला २०२४ चा हंगाम सुरू होण्यापूर्वीच कळले होते की पुढच्या वर्षी फेरारीतले त्याचे आसन लुईस हॅमिल्टनला जाणार आहे; तरी आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर दोनच आठवड्यांनी त्याने मेलबर्नची शर्यत जिंकून दाखवली. निको हुल्केनबर्गचे आसन २०१९ च्या अखेरीस गेले, तीन वर्षे तो बदली चालक म्हणून दारात उभा राहिला, आणि २०२५ च्या जुलैत सिल्व्हरस्टोनच्या पावसात, आपल्या २३९ व्या शर्यतीत, प्रथमच पहिल्या तिघांच्या मंचावर चढला. आसन काढून घेणाऱ्यांनी यांच्याविषयी जो निर्णय दिला तो त्या वेळच्या गाडीपुरता, जोडीदारापुरता आणि हिशेबापुरता कदाचित बरोबर असेल; त्यांच्या कौशल्याविषयीचा अखेरचा शब्द म्हणून तो टिकला नाही.

या पार्श्वभूमीवर २०२६ च्या हंगामात कोणाचे आसन डळमळेल, याचा विचार वाचकाने स्वतः करावा, आणि तो केवळ गुणतक्त्यावरून करू नये. २०२६ साठी नियमांची संपूर्ण फेररचना झाली आहे. इंजिनच्या शक्तीपैकी जवळजवळ निम्मा वाटा विजेचा असणार असल्यामुळे शक्ती केव्हा साठवावी आणि केव्हा खर्चावी, हे नवे शास्त्र प्रत्येकास शिकावे लागेल, आणि जुन्या गाडीत तरबेज झालेला हात नव्या गाडीत तितकाच सराईत ठरेल असे नाही. रेड बुलच्या त्या चंचल आसनावर आता इझाक हाजार बसला आहे. २०२५ च्या मेलबर्न शर्यतीत, सुरुवातीच्या इशाऱ्यापूर्वीच्या संथ फेरीतच, या फ्रेंच मुलाची गाडी पावसात घसरून कठड्यावर गेली. शिरस्त्राणाआड अश्रू लपवत परतणाऱ्या त्याला लुईस हॅमिल्टनच्या वडिलांनी, अँथनी हॅमिल्टन यांनी, जवळ घेऊन धीर दिला. त्याच वर्षी झांडव्होर्टला तो तिसरा आला आणि वर्षअखेरीस बढती पावला. त्याची नवी गाडी पहिल्यापासून दोघांना मानवेल अशी घडते की पुन्हा एकाच्याच मापाने, यावर त्याचे भवितव्य त्याच्या पायांतील कौशल्याइतकेच अवलंबून राहील.

अल्पिनमध्ये कोलापिंतोची परिस्थिती अधिक बिकट आहे. २०२५ च्या मे महिन्यात जॅक डूहनचे आसन सहा शर्यतींनंतर काढून ते त्याला देण्यात आले, पण संघाचे २२ गुण एकट्या गास्लीने मिळवले आणि कोलापिंतोच्या खात्यात एकही पडला नाही. फेरारीत हॅमिल्टनने २०२५ मध्ये शांघायची छोटी शर्यत जिंकली, तरी मुख्य शर्यतींत एकदाही तो पहिल्या तिघांत आला नाही. सात वेळा जगज्जेता ठरलेल्या पुरुषाच्या बाबतीत आसन काढून घेण्याची भाषा कोणी सहसा करणार नाही, परंतु वय आणि घड्याळ यांचा तह फार काळ टिकत नाही. फर्नांडो अलोन्सोचा जन्म १९८१ चा, आणि त्याचा करार २०२६ अखेरपर्यंतचा. उलट, लान्स स्ट्रोलप्रमाणे ज्याचे आसन पित्याच्या संघात आहे त्याची चिंता निराळ्या जातीची. आणि प्रत्येकाच्या मागे शिडीवर कोणी ना कोणी उभे आहेच. मुंबईचा जेहान दारूवाला त्या शिडीवर फॉर्म्युला टूपर्यंत चढला, तेथे शर्यती जिंकला, मॅक्लारेनची गाडीही त्याने चाचणीत चालवली; पण फॉर्म्युला वनचे आसन काही त्याच्यासाठी रिकामे झाले नाही, आणि फॉर्म्युला ई मधले आसनही एका हंगामानंतर सुटले. ज्यांची सीट जाते त्यांची नावे वृत्तपत्रांत येतात. ज्यांना ती कधी मिळालीच नाही, त्यांचे दुःख त्याहून अधिक अबोल असते.

म्हणून एखाद्या चालकाचे नाव ‘यंदा जाणार’ म्हणून घेतले जाऊ लागले की चार गोष्टी पाहाव्यात: शनिवारी तो जोडीदारापासून किती मागे आहे आणि ती गाडी कोणाच्या हाताने घडली आहे, त्याच्या मागे राहण्याने संघाचे स्थान घसरते आहे काय, त्याच्या कराराची मुदत आणि कलमे काय आहेत, आणि त्याच्या पाठीशी कोण उभे आहे व त्याच्या मागे रांगेत कोण उभे आहे. यांपैकी एक बाजू कमजोर असली तर चालक तग धरतो, दोन कमजोर झाल्या की कुजबूज सुरू होते, आणि तीन कमजोर झाल्या की हंगाम संपण्याची वाटही पाहिली जात नाही. एवढे समजून घेतले म्हणजे ‘तो संथ झाला होता’ या चार शब्दांत एखाद्या माणसाच्या वीस वर्षांच्या तपश्चर्येचा निकाल लावण्याचा मोह आपल्याला होणार नाही.

सिंगापूरच्या त्या रात्री रिकार्डो ज्यात बसून राहिला, ते कवच त्याच्याच पाठीच्या मापाचे होते. २०११ साली एचआरटीच्या गाडीत कार्तिकेयनचे कवच काढून त्याचे बसले होते, २०२३ साली याच दुय्यम संघात निक डी व्ह्रीस या चालकाचे काढून त्याचे बसले होते. २० ऑक्टोबर २०२४ रोजी ऑस्टिनच्या शर्यतीत त्या गाडीत लॉसनचे कवच होते, आणि एकोणिसाव्या जागेवरून निघालेला लॉसन नववा आला. पाच महिन्यांनी लॉसनचेही कवच रेड बुलच्या गाडीतून निघाले. मात्र फाएन्झाच्या संघाच्या गाडीत तो पुन्हा बसला, हंगामभर लढला, आणि २०२६ साठी त्याचे नाव त्या संघाच्या हजेरीपटावर कायम राहिले.